सुरुवातीच्या शैक्षणिक टीव्ही केंद्रांचे लोगो: काळ कसा ओळखायचा, बनायचे कसे, हरवले कुठे

सूचीकार

धागा अमेरिकेपुरता आणि साधारण १९५३ ते १९७१ एवढाच ठेवू, नाहीतर पसारा आवरणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १४ एप्रिल १९५२ ला एफसीसीने (अमेरिकेचा प्रसारण नियमन आयोग) देशभरातल्या टीव्ही वाहिन्यांची नवी वाटणी जाहीर केली. त्यात २४२ जागा बिगरव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवल्या, ८० व्हीएचएफवर (वाहिनी २ ते १३) आणि १६२ यूएचएफवर (१४ आणि पुढे). या राखीव जागांसाठी आयोगातून सर्वात जोरात भांडल्या त्या फ्रीडा हेनॉक. पहिलं केंद्र ह्यूस्टनचं केयूएचटी, वाहिनी ८, २५ मे १९५३.

लोगोंकडे वळताना एक गोष्ट आधी पक्की करू. आज आपण ज्याला लोगो म्हणतो ती तेव्हा मुळात कायद्याने मागितलेली हजेरी होती. प्रसारण सुरू होताना, संपताना आणि मधे दर तासाला कॉल अक्षरं (केंद्राचं परवान्यातलं अक्षरी नाव, जसं केयूएचटी) सांगायची आणि त्यांच्या लगेच मागे परवान्यातल्या गावाचं नाव. मधे दुसरं काही घालायचं नाही. म्हणून जुन्या स्लाइडवर अक्षरं मोठी, त्याखाली गाव आणि बाजूला वाहिनीचा आकडा एवढाच ऐवज दिसतो. चित्र असलंच तर उरलेल्या जागेत.

तारीख नसलेली स्लाइड हाती आली की मी या क्रमाने बघतो:

आधी शब्द. 'एज्युकेशनल टेलिव्हिजन' किंवा नुसतं 'ईटीव्ही' असेल तर बहुधा १९६७ च्या आधीची. 'पब्लिक टेलिव्हिजन' हा शब्द रुळला तो जानेवारी १९६७ च्या कार्नेगी आयोगाच्या अहवालानंतर. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सार्वजनिक प्रसारण कायदा झाला. जुनी स्लाइड पुढेही वापरात राहू शकते, त्यामुळे 'ईटीव्ही' हा कच्चा पुरावा. 'पब्लिक' मात्र पक्का, कारण तो शब्द मागच्या तारखेत जात नाही.

मग वितरकाचं नाव. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर १९५२ मध्ये शैक्षणिक टीव्ही व रेडिओ केंद्र निघालं. त्याने १९५४ पासून अ‍ॅन आर्बरहून कार्यक्रम वाटायला सुरुवात केली, पुढे बिऱ्हाड न्यूयॉर्कला हललं आणि १९६३ ला नाव नुसतं एनईटी (नॅशनल एज्युकेशनल टेलिव्हिजन) झालं. त्याच्या जागी आलेल्या पीबीएसचं (पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस) वितरण ५ ऑक्टोबर १९७० पासून. म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी एनईटी आणि पीबीएस दोन्ही चिन्हं असतील तर ती प्रत १९७० किंवा नंतरची, मूळ कार्यक्रम कितीही जुना असो.

कॉल अक्षरांवर जाणकारांनी लिहावं.

खडूफळा

कॉल अक्षरं हाच या केंद्रांचा खरा लोगो होता असं माझं मत. व्यापारी केंद्रांकडे रेडिओच्या काळापासून चालत आलेली अक्षरं होती. यांतल्या बऱ्याच जणांना नवीन मिळाली, म्हणून त्यांनी त्यात अर्थ भरला.

पिट्सबर्गचं डब्ल्यूक्यूईडी (१ एप्रिल १९५४, वाहिनी १३) आणि सॅन फ्रान्सिस्कोचं केक्यूईडी (५ एप्रिल १९५४, वाहिनी ९): दोघांतलं क्यूईडी भूमितीच्या प्रमेयाखाली लिहितात तेच, 'हेच सिद्ध करायचे होते'. शिकागोचं डब्ल्यूटीटीडब्ल्यू (६ सप्टेंबर १९५५, वाहिनी ११) म्हणजे 'विंडो टू द वर्ल्ड', जगाकडे उघडणारी खिडकी. सेंट लुईसच्या केईटीसीत शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाची आद्याक्षरं. मिलवॉकीच्या डब्ल्यूएमव्हीएसमध्ये तिथल्या व्यवसाय शाळेची. न्यूयॉर्कच्या वाहिनी १३ ला १९६२ मध्ये डब्ल्यूएनडीटी नाव मिळालं, 'न्यू डायमेन्शन्स इन टेलिव्हिजन' वरून. १९७० ला एनईटीशी एकत्र येऊन ती डब्ल्यूएनईटी झाली. गंमत अशी की परवाना न्यूअर्कचा, म्हणून न्यूयॉर्कचं म्हणून मिरवणाऱ्या या केंद्राच्या ओळखीत न्यूअर्क, न्यू जर्सी हे नाव लिहावंच लागतं. डब्ल्यूएनडीटी असलेली कुठलीही स्लाइड म्हणजे १९६२ ते १९७०. इतकी नेमकी तारीख फार कमी स्लाइडना मिळते.

बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएचबद्दल (२ मे १९५५, वाहिनी २) 'गॉड ब्लेस हार्वर्ड' हा जुना विनोद आहे, तो खरा मानू नये. जीबीएच म्हणजे ग्रेट ब्लू हिल, एफएमचा मनोरा ज्या टेकडीवर होता ती.

एक नेहमीची चूक इथेच निस्तरू. आयोवातलं डब्ल्यूओआय-टीव्ही १९५० पासून विद्यापीठाच्या मालकीचं होतं, म्हणून काही याद्यांत त्याला पहिलं शैक्षणिक केंद्र म्हटलेलं दिसतं. मालक विद्यापीठ असलं तरी परवाना व्यापारी होता. जाहिराती घेत होतं. राखीव जागेवरचं पहिलं ते ह्यूस्टनचंच.

कार्डबोर्ड

आता बनायचे कसे ते.

दोन वाटा. एक, स्टुडिओतल्या स्टँडवर ठेवलेलं कार्ड, त्यावर कॅमेरा. दोन, ३५ मिमीची स्लाइड, प्रोजेक्टरमधून थेट फिल्म चेनच्या (फिल्म आणि स्लाइड टीव्हीवर आणणारी जोडणी) कॅमेऱ्यात. घाईचं काम कार्डवर, रोजचं स्लाइडवर.

कार्ड ११ × १४ इंचाचं. त्यावर ९ × १२ चा चौकोन आखायचा, हे टीव्हीचं ४:३ प्रमाण. त्याच्या आत मजकुराची सुरक्षित जागा ८० टक्के, म्हणजे ७.२ × ९.६ इंच. बाहेरचा भाग घरच्या संचाच्या चौकटीखाली जायचा. जुन्या संचांचे कोपरे गोल असायचे, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला वाहिनीचा आकडा हमखास अर्धा कापला जाई. म्हणून त्या काळच्या बऱ्या स्लाइडवर सगळं मधे गोळा झालेलं दिसतं. आजच्या डोळ्याला ती मांडणी कोंदट वाटते, पण कारण हे.

अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या १/२५ पेक्षा कमी नको. ९ इंचात ते जेमतेम ०.३६ इंच होतं. गावाचं नाव बहुतेक याच मर्यादेवर बसवलेलं असतं. कॉल अक्षरं त्याच्या चौपट-पाचपट.

रंग कार्डावरही करड्याच छटांत. साधारण २०:१ पेक्षा जास्त तफावत ती यंत्रणा नीट पेलत नसे. ६० टक्के प्रकाश परतवणारा करडा म्हणजे 'टीव्हीचा पांढरा' आणि ३ टक्केवाला म्हणजे 'काळा'. शुभ्र कागद लावला की तो सगळ्यात उजळ ठरतो, ऑपरेटर एक्स्पोजर खाली ओढतो आणि बाकीच्या छटा चिखलात जातात.

अक्षरं तीन प्रकारांनी उमटायची: हाताने ब्रशने, तापवलेल्या टाइपने फॉइल दाबून (हॉट प्रेस), आणि १९६० च्या दशकात घासून चिकटवायच्या लेट्रासेटने. ओळखायची खूण: हॉट प्रेसच्या अक्षराची कड धारदार असते आणि एकाच केंद्राच्या सगळ्या कार्डांवर तेच दोन-तीन टाइप परत परत येतात, कारण धातूचे टाइप महाग आणि संच मोजके. लेट्रासेटमध्ये अक्षरांतलं अंतर डोळ्याने ठरवलेलं, त्यामुळे ओळ किंचित नाचते. जुनं झालं की कडेला बारीक तडे.

नवखा_प्रेक्षक

उत्तम माहिती. दोन शंका. (१) जुन्या फितींत पांढऱ्या अक्षरांभोवती काळी झालर दिसते. ती मुद्दाम काढलेली सावली आहे का? (२) इतकी सुंदर नाजूक टोकांची अक्षरं छपाईत होती, मग सगळीकडे ही जाड ठोकळेबाजच का?

अर्धीओळ

(१) नाही, कोणी काढलेली नाही. इमेज ऑर्थिकॉन नावाच्या कॅमेरा नळीचा तो स्वभाव. फार उजळ भागातून उडालेले इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या लक्ष्यपटलावर पडतात आणि तिथलं चित्र काळवंडतं. काळ्यावर पांढरं असेल तर झालर काळ्यातच लपते. मधल्या करड्यावर पांढरं असेल तर उठून दिसते. त्यामुळे झालर दिसली की दोन गोष्टी कळतात: ते स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं कार्ड होतं आणि पार्श्वभूमी करडी होती. स्लाइड व्हिडिकॉन या दुसऱ्या प्रकारच्या नळीवर जायची. त्यात झालर नाही, पण चित्र बदललं की आधीच्याचं भूत क्षणभर रेंगाळतं.

त्याच नळीचा दुसरा त्रास म्हणजे चित्र चिकटणं. स्थिर कार्डावर कॅमेरा बराच वेळ रोखून ठेवला की पुढच्या दृश्यात निवेदकाच्या कपाळावर उलट्या छटेतला '८' तरंगताना दिसे. म्हणून केंद्रं लोगो कार्डावर कमी वेळ थांबायची, किंवा चित्र नळीवर सतत किंचित फिरतं ठेवणारं उपकरण लावायची. मोठ्या विरामासाठी स्लाइड वापरायची ती याच भीतीने.

(२) ५२५ ओळींपैकी दिसतात त्या साधारण ४८०. त्या दोन हप्त्यांत येतात, आधी विषम मग सम. आडवी रेघ एकाच ओळीएवढी बारीक असेल तर ती एकाच हप्त्यात येते आणि सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळा लुकलुकते. नाजूक अक्षराचं आडवं टोक नेमकं तेवढंच असतं. दोन ओळींवर जरा बरं, तीन ओळी म्हणजे शांत. १/२५ उंचीचं अक्षर म्हणजे १९ ओळी. त्यातल्या तीन आडव्या दांड्यांना प्रत्येकी तीन दिल्या की ९ गेल्या, मधल्या पोकळ्यांना १० उरल्या. आता यात नाजूकपणा कुठे बसवणार? अक्षर जाड आणि सरळ होणं ही आवड नव्हती, गणित होतं.

खडूफळा

+१. पण पैशाचा मुद्दा सोडू नका. वर्गणी आणि अनुदानावर चालणारी केंद्रं, खास आरेखनकार ठेवणार कुठून? ओबडधोबडपणाचं मोठं कारण तेच.

कार्डबोर्ड

अर्धा सहमत. पैसा नसल्याने चित्र साधं राहिलं हे खरं. पण तेव्हाच्या श्रीमंत व्यापारी केंद्राची स्लाइड घेतली तरी जाड अक्षर, मधोमध मांडणी, करडी पार्श्वभूमी हे तिन्ही सापडतं. यंत्र एकच होतं. फरक पडतो तो किती वेळा बदलली यात. गरीब केंद्राची स्लाइड वर्षानुवर्षं तीच, झिजून ओरखडे पडेपर्यंत.

आणि यूएचएफवाल्यांची गरज आणखी वेगळी. मिशिगनचं डब्ल्यूकेएआर-टीव्ही १५ जानेवारी १९५४ ला वाहिनी ६० वर आलं, तेव्हा बहुतेक घरांतल्या संचात यूएचएफ नव्हतंच. लॉस एंजेलिसचं केटीएचई, देशातलं दुसरं शैक्षणिक केंद्र, वाहिनी २८ वर होतं आणि १९५४ मध्ये वर्षभराच्या आतच बंद पडलं. सगळ्या वाहिन्या घेणारा संच बनवणं सक्तीचं झालं ते १९६२ च्या कायद्याने, प्रत्यक्षात १९६४ पासूनच्या संचांना. त्यातही व्हीएचएफची खुंटी टकटक अडकायची, यूएचएफची रेडिओसारखी नुसती गरगर फिरायची. म्हणून वॉशिंग्टनचं डब्ल्यूईटीए (२६, १९६१) किंवा लॉस एंजेलिसचं केसीईटी (२८, १९६४) यांना आकडा प्रेक्षकाच्या डोक्यात बसवणं व्हीएचएफवाल्यांपेक्षा जड गेलं.

अवांतर: स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी लागणं ही रोजची चूक. शिकागोच्या केंद्राचं नशीब बघा. डब्ल्यू आणि टी दोन्ही अक्षरं आरशात तशीच दिसतात, त्यांचा क्रम उलटा वाचला तरी तोच, आणि वाहिनी ११, म्हणजे इंग्रजी आकड्यांत दोन उभ्या रेघा. स्लाइड डावी-उजवी उलटली तर चूक पकडायला 'शिकागो' हा शब्दच हवा.

रीळवाला

आता हरवले कुठे ते. या धाग्यातला हा भाग महत्त्वाचा, कारण 'अमुक केंद्राला लोगोच नव्हता' असे निष्कर्ष याच अज्ञानातून निघतात.

सुरुवातीला केंद्रांना जोडणारी तार नव्हती. कार्यक्रम मॉनिटरवरून १६ मिमी फिल्मवर उतरवायचे (किनेस्कोप) आणि ती प्रत टपालाने एका केंद्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. याला ते लोक 'सायकल' म्हणायचे.

१६ मिमीमध्ये फुटाला ४० फ्रेम, सेकंदाला २४. पाच सेकंदांचा लोगो म्हणजे १२० फ्रेम, म्हणजे तीन फूट फिल्म. तीही कुठे? रिळाच्या अगदी टोकाला. फिल्म प्रोजेक्टरमध्ये ओवताना फाटते ती टोकालाच. फाटली की खराब फ्रेम कापून जोड द्यायचा, दर वेळी निदान एक-दोन फ्रेम जातात. शिवाय घेणारं केंद्र स्वतःची ओळख लावण्यासाठी आधीच्याची कापून टाकी आणि परत जोडायला विसरे. दहा-पंधरा केंद्रं फिरून आलेल्या प्रतीत कार्यक्रम शाबूत आणि दोन्ही टोकं बोडकी, हे म्हणून इतकं सापडतं. प्रत तपासताना शेवटचा जोड बघा: जोडानंतर फिल्मच्या कडेवरचा छापील कोड बदलत असेल तर पुढचा लोगो दुसऱ्या कुठल्यातरी रिळाचा आहे, तो त्या कार्यक्रमाच्या नावावर चढवू नका.

व्हिडिओटेपचा प्रश्न उलटा. दोन इंची फीत १९५६ मध्ये आली, वेग सेकंदाला १५ इंच, तासाला साडेचार हजार फूट. महाग. म्हणून पुसून परत वापरायची. तिथे टोक नाही, सगळंच जातं.

आणि काही ठिकाणी थेट आग. डब्ल्यूजीबीएचची केंब्रिजमधली इमारत १४ ऑक्टोबर १९६१ ला जळाली. त्याआधीचं त्यांचं काही समोर आलं तर ते कुठल्या प्रतीतून वाचलं हे आधी विचारा.

अर्धीओळ

रीळवालांच्या मुद्द्याला जोडून, उपलब्ध फिती बघून मूळ माध्यम कसं ओळखायचं:

लोगो हलतोय का बघा. स्लाइड खिळ्यासारखी स्थिर असते, तिच्यावरची धूळही जागची हलत नाही. फिल्म गेटमध्ये किंचित डोलते आणि धूळ दर फ्रेमला नवीन. सगळी फीतच डोलत असेल तर ती किनेस्कोप आहे, लोगोबद्दल काही ठरत नाही. आधीचा कार्यक्रम स्थिर आणि फक्त लोगो डोलतोय, तर लोगो फिल्मवर होता.

चित्राच्या मध्यावर पुसट आडवा पट्टा दिसला तर तोही किनेस्कोपच. टीव्हीची ३० चित्रं फिल्मच्या २४ मध्ये बसवताना दर फ्रेममागे १/१२० सेकंद टाकून द्यावा लागतो. त्यामुळे एका आड एक फ्रेमला सांधा चित्राच्या मधे येतो आणि शटरचं टायमिंग जरा चुकलं की तो दिसतो.

सपाट पार्श्वभूमीवर सारख्या रुंदीचे सोळाएक आडवे पट्टे, प्रत्येक साधारण १६ ओळींचा, दिसले तर दोन इंची फीत. फितीवर लिहिणारी-वाचणारी चार डोकी असलेलं चाक सेकंदाला २४० फेरे घेतं, म्हणजे ९६० वळसे. सेकंदाच्या १५,७५० ओळी भागिले ९६०, बरोबर १६.४. चार डोक्यांपैकी एक वेगळं लागलं की दर चौथा पट्टा वेगळा. लोगोच्या सपाट करड्यावर हे कार्यक्रमापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं, त्यामुळे तपासायला लोगोच बरा.

नवखा_प्रेक्षक

आणि रंग आल्यावर?

सूचीकार

रंगीत लोगोला दोन परीक्षा द्याव्या लागत. रंगीत संचावर बरा दिसायचा आणि काळ्या-पांढऱ्या संचावर वाचता यायचा, कारण बहुतेक घरांत तोच होता. एनटीएससीत (अमेरिकेची रंगीत टीव्हीची पद्धत) उजळपणा = ०.३० लाल + ०.५९ हिरवा + ०.११ निळा. गडद निळ्यावर काळं अक्षर ठेवलं तर रंगीतमध्ये छान, करड्यात गायब. लाल आणि मध्यम हिरवा शेजारी ठेवले तर दोघे एकाच करड्यात विरघळू शकतात. दुसरं दुखणं कडेचं: दोन भडक रंग एकमेकांना भिडले की सीमेवर ठिपके सरपटतात. म्हणून मधे काळी किंवा पांढरी पट्टी सोडत.

हर्ब लुबालिन यांच्या स्टुडिओतलं १९७१ चं पीबीएसचं चिन्ह या नजरेने बघा. काळ्यावर निळा पी, नारिंगी बी, हिरवा एस, तिन्ही जाडजूड. ते कसोटीला उतरतं, फक्त निळा फार गडद घेतलेला नसला तर. पी ला माणसाचा चेहरा तेव्हापासूनच. १९८४ ला चेरमायेफ अँड गाइसमार यांनी तोच चेहरा घेऊन त्याच्या रांगा केल्या. त्याबरोबरची १९७१ ची छोटी सुरावट पॉल अ‍ॅलन लेव्ही यांची.

खडूफळा

धागा अमेरिकेचा आहे, तरी एक पाऊल बाहेर टाकतो. ब्रिटनमध्ये शाळांसाठीचं प्रसारण १९५७ ला सुरू झालं, १३ मे ला असोसिएटेड-रेडिफ्युजन, २४ सप्टेंबरला बीबीसी. तिथे चिन्हाचं काम केंद्राचं नाव सांगणं नव्हतं, वर्गाला वेळ सांगणं होतं. कार्यक्रमाआधी मिनिटभर एक तबकडी तुकड्या-तुकड्याने रिकामी होत जायची. शिक्षकाला मुलांना बसवायला वेळ हवा, नळ्यांच्या संचाला तापायलाही. १९७४ ला तिच्या जागी समभुज चौकोन आला आणि १९७७ ला ठिपक्यांचं वर्तुळ, एकेक ठिपका कमी होणारं. अमेरिकन स्लाइड स्थिर का आणि ब्रिटिश चिन्ह हलतं का, याचं उत्तर तिथल्या नियमात आणि वर्गात आहे.

नवखा_प्रेक्षक

वरचं वाचून सरावासाठी पिट्सबर्गची १९५४ च्या धर्तीची स्लाइड संगणकावर करून पाहिली: ६४० × ४८० ची चौकट, काळ्यावर शुभ्र अक्षरं, कोपऱ्यात १३, जुनं वाटावं म्हणून थोडं थरथरणं आणि उडती धूळ. काय चुकलं?

कार्डबोर्ड

१३ आत घ्या. ६४० × ४८० मध्ये मजकुराची जागा ५१२ × ३८४, म्हणजे डावी-उजवीकडे ६४ आणि वर-खाली ४८ बिंदू मोकळे. 'पिट्सबर्ग' हा शब्द किमान १९ बिंदू उंच हवा. शुभ्र खाली उतरवा आणि काळं वर चढवा, २०:१ पुरे.

अर्धीओळ

स्लाइड करताय ना? मग थरथर काढा, आणि धूळ ठेवायची तर एका जागी ठेवा.